मनाचा डॉक्टर निराळा, साखरेचा निराळा

मढला जायच्या दोन वाटा आहेत. एक वर्सोव्याच्या धक्क्यावरून खाडी ओलांडणारी, काही मिनिटांची. दुसरी मालाडहून मार्व्याचा रस्ता धरून मालवणी, आक्सा, एरंगळ असा लांबचा वळसा घालणारी. पावसाळ्यात समुद्र खवळला की पहिली वाट बंद पडते आणि मग दुसरीच उरते. नाव बेटाचे असले, तरी हे गाव बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. पण मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळच्या रांगेत उभे राहायचे, तर मढच्या माणसाचा अख्खा दिवस त्यात जातो. हा दिवस आठवड्यातून एकदा मोडला, तर घर सोसते. दोनदा मोडला, की घरातले कुणीतरी म्हणते, "या वेळी राहू दे, पुढच्या वेळी जाऊ."

ज्या माणसाला दोन दीर्घ आजार एकदम आहेत, त्याची गोष्ट इथूनच बिघडायला लागते. हे दोन आजार मधुमेह आणि तीव्र मनोविकार असतील, तर ती अधिकच बिघडते. वास्तवाचे भान सुटणे, कुणीही बोलत नसताना आवाज ऐकू येणे, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी पक्की समजूत होणे, याला वैद्यक 'सायकोसिस' म्हणते. स्किझोफ्रेनिया हा त्यातला सर्वांत परिचित आजार. अशा रुग्णाला मनाच्या डॉक्टरकडे नेतात ते त्याच्या बोलण्या-वागण्यासाठी. तिथे त्याची साखर सहसा कुणी पाहत नाही. साखरेच्या डॉक्टरकडे नेले, तर जुन्या कागदावरचे मनोविकाराच्या गोळीचे नाव वाचून तिथला सूर बदलतो. पायाला मुंग्या येतात ही त्याची तक्रारही मग 'मनाचीच' ठरते. एका माणसाचे असे दोन तुकडे होतात, आणि दोन्ही तुकड्यांची काळजी घेणारे लोक एकमेकांशी बोलत नाहीत.

जुने नाते

या दोन आजारांचे नाते आजचे नाही. हेन्री मॉडस्ले या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने १८७९ साली लिहून ठेवले होते, की ज्या घराण्यांत वेडाचा आजार असतो, त्यांत मधुमेहही वारंवार दिसतो. त्या काळी मनोविकारावर आजच्यासारखे एकही औषध नव्हते, त्यामुळे सगळा दोष गोळ्यांवर टाकता येत नाही. पुढे १९३३ च्या सुमारास व्हिएन्नाच्या मॅनफ्रेड साकेल यांनी तर मधुमेहाचे औषधच मनोविकारावर वापरले. इन्सुलिनचा मोठा डोस देऊन रुग्णाला बेशुद्धीत न्यायचे आणि मग साखर देऊन परत आणायचे, असा तो उपचार होता. भारतातल्या मनोरुग्णालयांतही तो चालला. त्यात रुग्ण दगावत, आणि अखेर त्याचा उपयोगही सिद्ध झाला नाही.

१९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिनचा प्रयोग झाला आणि मनोविकाराच्या उपचाराचे रूपच पालटले. साखळदंड आणि कोठड्या यांच्याऐवजी गोळी आली. नव्वदीच्या दशकात रिस्पेरिडोन, ओलॅन्झापिन यांसारखी नवी औषधे आली. त्याआधीचे क्लोझापिनही पुन्हा वापरात आले. हातापायांची थरथर, शरीर ताठरणे हे जुन्या गोळ्यांचे त्रास नव्या औषधांत कमी होते, म्हणून त्यांचे स्वागत झाले. थोड्याच वर्षांत दिसू लागले, की काही रुग्णांचे वजन महिन्याभरातच भराभर वाढते आणि साखर चढते. यात क्लोझापिन आणि ओलॅन्झापिन सर्वांत पुढे होती. २००३ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या गटातल्या औषधांवर मधुमेहाचा इशारा छापायला लावला. २००४ साली तिथल्या मधुमेहतज्ज्ञांच्या आणि मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र बसून तपासण्यांचे वेळापत्रक ठरवले.

म्हणून गोळी टाकून द्यावी काय? मुळीच नाही. फिनलंडमध्ये साठ हजारांहून अधिक स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा अकरा वर्षे मागोवा घेतला गेला आणि त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. औषध न घेणाऱ्यांपेक्षा दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी निघाले. आणि सर्वांत कमी निघाले ते साखर वाढवण्यात बदनाम असलेल्या क्लोझापिनवर असणाऱ्यांत. उपचारावाचून राहिलेला मनोविकार शरीरालाही खातो, हा त्याचा अर्थ. तरीही स्किझोफ्रेनियाचे रुग्ण इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी जातात, आणि त्यांतले बरेचसे हृदयविकाराने आणि तत्सम शारीरिक आजारांनी जातात. म्हणजे गोळी द्यायची आणि शरीराकडेही पाहायचे, अशी ही दुहेरी कामगिरी आहे.

बारीक दिसणारा भारतीय

पाश्चात्त्य देशांत लिहिलेले वेळापत्रक आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाही, याचे पहिले कारण आपल्या शरीरातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या 'बारीक पण चरबीयुक्त' भारतीयाकडे जगाचे लक्ष वेधले. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र छापून आले. उंची-वजनाच्या गणिताने दोघे अगदी सारखे, दोघांचाही निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणूनच आपल्याकडे हा निर्देशांक २३ च्या वर गेला की वजन जादा मानतात आणि २५ ला स्थूलता धरतात. कमरेचा घेर पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोक्याची घंटा समजतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला, आणि आणखी १३ कोटी ६० लाख माणसे उंबरठ्यावर. ज्या देशातल्या सडपातळ माणसालाही साखर होते, तिथे मनोविकाराची गोळी सुरू झाल्यावर 'अजून तर जाड दिसत नाही' म्हणून थांबणे परवडणारे नाही.

त्यात आपल्या घरांची एक सवय आड येते. आजाराच्या काळात माणूस खात नाही, झोपत नाही, वाळून जातो. गोळ्या सुरू होतात. तो झोपू लागतो, मागून मागून जेवू लागतो, गाल भरतात. आईला, आजीला वाटते, चला, देव पावला, तब्येत सुधारली. शेजारचेही तेच म्हणतात. पहिल्या तीन महिन्यांत वाढलेले आठ किलो वजन ही आपल्याकडे बरे होण्याची खूण मानली जाते. तिथे कुणी तज्ज्ञ येऊन "वजन कमी करा" म्हणून बजावू लागला, तर तो त्या घराच्या आनंदावर पाणी ओततो. आधी त्या आनंदात सामील व्हावे आणि मग हळूच कमरेला टेप लावावी, हे ज्याला जमते त्याचे सांगणे घर ऐकते.

भरतीच्या घड्याळावर गोळी

मढसारख्या कोळीवाड्यातले एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. घरातला कर्ता मुलगा डोलीच्या जाळ्यावर जातो. ही मासेमारी पाण्याच्या ओढीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात काम जोरात असते, भांगाच्या दिवसांत कमी. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणजे या माणसाची न्याहारी, झोप आणि कष्ट यांचे घड्याळ भिंतीवर नसून दर्यात आहे. त्याच्या चिठ्ठीवर मात्र लिहिलेले असते : सकाळी एक, रात्री एक, जेवणाआधी.

साखर उतरवणारी काही औषधे आणि इन्सुलिन घेऊन न जेवता जाळे ओढायला गेले, की साखर धोकादायक खाली जाऊ शकते. रात्रीची मनोविकाराची गोळी घेऊन पहाटे तोल सांभाळत बोटीच्या कडेला उभे राहणे म्हणजे जिवाशी खेळ. यावर तो माणूस आपल्या परीने तोडगा काढतो : समुद्रावर जायच्या दिवशी गोळ्याच घेत नाही. डॉक्टरच्या वहीत त्याची नोंद होते, 'रुग्ण औषधे नियमित घेत नाही'. त्याच्या जागी कुणीही शहाणा माणूस हेच करील. महिन्यातून एकदा देण्याचे इंजेक्शन त्याला चालेल का, साखर एकदम न पाडणारी गोळी देता येईल का, पहिले काही आठवडे किनाऱ्यावरचेच काम बघता येईल का, हे प्रश्न विचारायचे तर आधी "तुमचे पाणी कधीचे?" हे विचारावे लागते.

घरातल्या बाईचे घड्याळ निराळे. पहाटे पाटी भरून बाजार गाठायचा, पोटात एक कप गोड चहा, आणि पहिला घास अकराच्या पुढे. ती स्वतः मधुमेही असेल, तर तिच्या इन्सुलिनचे वेळापत्रकही याच हिशोबाने बसवायला हवे. घरी शीतकपाट नसेल, तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्याचा उपाय सांगता येतो.

आहाराचा छापील तक्ता इथे आणखी परका ठरतो. ओट्स, सॅलड, मोड आलेली कडधान्ये असे लिहिलेला कागद कोळणीच्या हातात दिला, की ती घडी करून ठेवून देते. मासळी हे तिचे बलस्थान आहे. ताजा बोंबील, मांदेली, बांगडा कालवणात खाल्ले तर मधुमेह्याला उत्तमच. हात आखडायचा तो भाताच्या ढिगावर, तळणावर आणि दिवसभरच्या साखरेच्या चहावर. जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा हालचाल थांबते, पैसा आटतो आणि ताटात सुकट येते. सुक्या मासळीतले मीठ रक्तदाबाला त्रास देते, म्हणून ती धुऊन, भिजवून, पाणी टाकून रांधावी. नारळी पौर्णिमेचा नारळीभात खाऊ नका असे सांगणाऱ्याचे कुणी ऐकणार नाही. दोन घास खा, त्या दिवशी दुसरा भात नको, असे सांगितले तर ऐकतील.

याच पट्ट्यात एरंगळला जानेवारीत सेंट बोनाव्हेंचर चर्चची जत्रा भरते, आणि मालवणीत मोठी मुस्लिम वस्ती आहे. रमजानचा रोजा, नवरात्रीचे उपवास, श्रावणी सोमवार, लेंटचे दिवस हे सारे औषधांच्या वेळांशी बांधलेले प्रश्न आहेत. उपवासाचा साबुदाणा साखर किती चढवतो, हे सांगायला हवे. लिथियम घेणाऱ्याने दिवसभर पाणी सोडले, तर रक्तातली त्याची पातळी विषारी होऊ शकते. म्हणून रोजे सुरू होण्याच्या महिनाभर आधी बोलणे व्हावे. 'उपवास करू नका' हा एकच सल्ला ज्याच्याकडे आहे, त्याला न सांगताच लोक उपवास करतात.

अंगात आले, की साखर उतरली?

आता सर्वांत नाजूक जागेकडे येऊ. घरात कुणाला आवाज ऐकू येऊ लागले, की आपण त्याला काय म्हणतो? बाहेरची बाधा, करणी, देवीचा कोप, कुणाची नजर. भगताकडे जाऊन अंगारा आणला जातो. कोळी समाजाची आई एकवीरा. कार्ल्याच्या डोंगरावर जाऊन तिला गाऱ्हाणे घातले जाते. साखरेबद्दलही समजुती असतात : टेन्शनने झाली, गोड खाल्ल्याने झाली, कारल्याच्या रसाने जाईल.

या समजुतींना हसून पुढे जाणे सोपे आहे. पण त्या जाणून घेण्याचे शास्त्र मुंबईतच आकाराला आले, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मिचेल वाइस आणि मुंबईचे डॉ. डी. आर. दूनगाजी आदींनी या शहरात कुष्ठरोग आणि मानसिक आरोग्य यांचा अभ्यास करताना एक मुलाखत-पद्धत बसवली. ती १९९२ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे जगभर वापरली गेली. त्या आधी ऑर्थर क्लाइनमन यांनी असेच प्रश्न सुचवले होते. त्यांचा गाभा साधा आहे. मावशी, या त्रासाला तुम्ही घरात काय म्हणता? तो कशाने झाला असे वाटते? कशाची भीती वाटते? आजवर काय काय केलेत? हे चार प्रश्न विचारायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे गेली नाहीत, तर पुढची पाच वर्षे गोळ्या खिडकीतून बाहेर जातात.

आणि इथे श्रद्धेचा आदर करून थांबता येत नाही, कारण जिवाचा प्रश्न असतो. साखर एकदम उतरली की माणूस घामाने भिजतो, थरथरतो, असंबद्ध बोलतो, प्रसंगी अंगावर धावून येतो. ज्याला आधीच मनोविकार आहे, त्याचे हे रूप पाहून घरचे म्हणतात, पुन्हा डोके फिरले. किंवा म्हणतात, अंगात आले. मग त्याला खोलीत कोंडले जाते किंवा भगताला बोलावणे जाते. त्या अर्ध्या तासात मेंदू साखरेवाचून तडफडत असतो. उलट बाजूनेही असेच होते. साखर फार चढली की तहान थांबत नाही. पण मनोविकाराच्या काही रुग्णांना भरमसाट पाणी पिण्याची सवय असते, त्यामुळे ती तहानही वेडातच जमा होते.

म्हणून मधुमेहाचे औषध घेणाऱ्या प्रत्येक मनोरुग्णाच्या घरी एक नियम देवाऱ्याजवळ लिहून ठेवावा : विचित्र वागू लागला, तर आधी साखर मोजा. यंत्र नसेल आणि तो शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर साखरपाणी द्या. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काही घालू नका, थेट रुग्णालय गाठा. अंगारा लावायचा असेल तर जरूर लावा. पण तो वाटेत, गाडीत बसल्यावर.

गुजरातमधल्या उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुवा' हा उपक्रम याच सूत्रावर उभा राहिला. दर्ग्याचे मुजावर दुवा देतात आणि रुग्णाला तिथल्याच मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. दुसऱ्या टोकाला तामिळनाडूतले एरवाडी आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथे आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. श्रद्धा आणि उपचार यांची जोडी करावी ती उनावासारखी. मारहाण आणि साखळी जिथे सुरू होते, तिथे संस्कृतीचे नाव घेण्याचा अधिकार संपतो. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखालची मारहाण गुन्हा ठरवली आहे.

घर हेच रुग्णालय

आपल्याकडच्या उपचारांचे सर्वांत मोठे भांडवल घर आहे. पन्नासच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना तिथे राहायला बोलावले. कुटुंबाला उपचारात घेण्याचा तो आपल्याकडचा पहिला मोठा प्रयोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या साठच्या दशकात सुरू झालेल्या पाहणीत आग्रा हे एक केंद्र होते. स्किझोफ्रेनियाचे आपल्याकडचे रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरे होण्यात पुढे दिसले, आणि घराच्या आधाराला त्याचे बरेच श्रेय दिले गेले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या 'देवराई' चित्रपटात भावाला सांभाळणारी बहीण मराठी प्रेक्षकांनी पाहिली आहे.

पण या घराचीही एक दमछाक असते. ती बहुधा एका बाईच्या वाट्याला येते. मुलगा गोळी घेत नाही म्हणून ती चहात किंवा आमटीत चुरून घातली जाते. प्रेमापोटी केलेली ही चोरी उघड झाली, की 'माझ्या अन्नात काहीतरी घालतात' हा त्याचा संशय खरा ठरतो. तो घरचे जेवणच सोडतो, आणि मधुमेह्याने जेवण सोडणे म्हणजे काय, हे वर आलेच आहे. लग्न जमवताना आजार लपवला जातो, सासरी सून गोळ्या लपवून घेते, मग साखरेच्या तपासणीलाही जात नाही, कारण तिथे जुना कागद मागतील. अशा माणसांना एकटे वाटू नये म्हणून ठाण्याची आय.पी.एच. ही १९९० पासूनची संस्था आणि पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन यांनी रुग्ण आणि नातेवाइकांचे गट चालवले. असा गट प्रत्येक उपनगरात का नसावा?

मग करायचे काय? फार मोठे काही नाही. मनोविकाराची गोळी सुरू करतानाच वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातली चरबी यांची नोंद व्हावी. वजन चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला पाहावे. साखर तीन महिन्यांनी आणि मग दरवर्षी, आपल्याकडे त्याहून लवकरही. वजन वाढू लागले तर औषध बदलता येते. चीनमधल्या डॉक्टरांनी १२८ रुग्णांवर केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चालणे-खाणे सुधारून जोडीला मेटफॉर्मिन दिल्यावर वजन सर्वांत चांगले उतरले. ही गोळी स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यातही मिळते. यातले काहीही मनाने सुरू करू नये आणि मनाने बंद तर मुळीच करू नये. शंका आली तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येते.

मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा सांगतो, की मनोरुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच वागणूक मिळाली पाहिजे. याचा सर्वांत साधा अर्थ असा, की दोन्ही आजारांची नोंद एकाच कागदावर असावी आणि दोन्ही तपासण्या एकाच दिवशी, एकाच छपराखाली व्हाव्यात. मढच्या माणसाचा एक दिवस वाचला, तर तो पुढच्या महिन्यात परत येईल. आणि परत आलेल्या माणसाला कुणीतरी आधी विचारावे, की तुम्ही केव्हा जेवता, केव्हा निजता आणि पाणी केव्हाचे आहे. गोळीची वेळ त्यानंतर लिहावी.